उसने शब्द आणि स्वतःचा बोल

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की खेड्यापाड्यांतील घरांतून संध्याकाळच्या वेळी एक ठराविक सूर ऐकू येऊ लागतो. ओसरीवर मांडी घालून बसलेला मुलगा डोळे मिटून, पुढेमागे डुलत, 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'माझा आवडता प्राणी' हा निबंध पाठ करीत असतो. बाहेर गोठ्यात खरीखुरी गाय हंबरत असते. पण मुलाचे तिच्याकडे लक्ष नसते. त्याची गाय 'गाईड'मध्ये छापलेली असते. निबंध हा पाठ करावयाचा असतो, ही गोष्ट आपणां सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही विपरीत आहे असे कोणास वाटतही नाही.

आम्हीही त्याच वाटेने गेलो. आमचे बालपण बेळगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात गेले. घाट उतरून गेले की गोवा लागतो आणि गोव्याला समुद्र आहे, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु तो समुद्र आम्ही पाहिला नव्हता. तरीसुद्धा एके वर्षी 'समुद्रकाठची संध्याकाळ' या विषयावर आम्ही दोन पाने भरून निबंध लिहिला. सोनेरी वाळू, रुपेरी लाटा, क्षितिजावर टेकलेले सूर्यबिंब, सारे काही त्यात होते. दहापैकी आठ गुण पडले. घरी येऊन तो निबंध आम्ही मोठ्या ऐटीने आजीला वाचून दाखविला. आजीचे माहेर गोव्याच्या किनाऱ्यावरचे. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाळा, छान लिहिलंस. पण समुद्राचा वास कसा असतो, ते नाही रे लिहिलंस?" आम्ही गप्प झालो. पुस्तकात वासाविषयी काही दिलेले नव्हते.

ही जुनी आठवण आज सांगण्याचे कारण असे की, एका जगप्रसिद्ध विद्यार्थिनीच्या आयुष्यात नेमका हाच प्रश्न एकदा उभा राहिला होता. तो तिच्या महाविद्यालयातील साहित्याच्या वर्गात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता तिचे लिहिणेच नव्हे, तर तिचे सारे व्यक्तित्वच पालटून गेले. तिचे नाव हेलन केलर. तिचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून पुष्कळांच्या परिचयाचे आहे. ती पाहू शकत नव्हती, ऐकू शकत नव्हती, तरी शिकली, एवढे आपण जाणतो. परंतु ती 'लिहावयास' कशी शिकली, ही हकीकत तितकीशी सांगितली जात नाही. ती आज वाचकांपुढे ठेवावी असा आमचा विचार आहे.

हाताने ऐकणारी मुलगी

हेलनचा जन्म अमेरिकेतील अलाबामा संस्थानात टस्कंबिया या लहानशा गावी २७ जून १८८० रोजी झाला. एकोणीस महिन्यांची असताना तिला कसलेसे तीव्र दुखणे आले. ताप उतरला, जीव वाचला. पण दृष्टी आणि श्रवण ही दोन्ही कायमची गेली. पुढील पाच वर्षे ही मुलगी जणू बंद खोलीत वाढली. तिला राग येई, ती आदळआपट करी; कारण मनात जे आहे ते सांगावयाला तिच्यापाशी शब्दच नव्हता.

३ मार्च १८८७ रोजी तिच्या घरी अ‍ॅन सलिव्हन नावाची शिक्षिका आली. वय अवघे वीस. आयर्लंडहून अमेरिकेत आलेल्या एका दरिद्री कुटुंबातील ही मुलगी. तिचे बालपण सरकारी अनाथ-दुर्बल गृहात गेले होते, आणि डोळ्यांच्या रोगाने तिची स्वतःची दृष्टीही अधू झालेली होती. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकून ती बाहेर पडली होती. सलिव्हनबाईंनी हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटविण्यास प्रारंभ केला. या वर्णमालेत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक विशिष्ट ठेवण असते. ती ठेवण हाताने चाचपून ओळखावयाची. सुमारे महिनाभर हेलनला तो एक खेळच वाटला. मग एके दिवशी पंपाखाली तिच्या एका हातावर थंड पाणी पडत असताना बाईंनी दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द उमटविला, आणि त्या क्षणी त्या बालिकेला उमगले की प्रत्येक वस्तूला नाव असते. ही पंपाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आमची गोष्ट येथून पुढे सुरू होते.

शब्द सापडल्याबरोबर हेलनला शब्दांची भूकच लागली. उठलेल्या टिपक्यांच्या लिपीत जी पुस्तके मिळत ती ती बोटांनी वाचून काढी. जी मिळत नसत ती इतर कोणीतरी तिच्या हातावर अक्षर अक्षर करून वाचून दाखवी. आपण डोळ्यांनी आणि कानांनी जे जग गोळा करतो ते तिने पुस्तकांतून गोळा केले. येथेच तिच्यापुढील संकटाचे बीज होते. जिचे जवळजवळ सारे ज्ञान दुसऱ्यांच्या शब्दांतून आलेले, तिने 'माझे' असे कशाला म्हणावयाचे?

एका गोष्टीची चौकशी

१८९१ च्या नोव्हेंबर महिन्यात, अकरा वर्षांच्या हेलनने 'हिमराजा' या अर्थाच्या नावाची एक गोष्ट लिहिली आणि पर्किन्स संस्थेचे प्रमुख मायकेल अनॅग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. शरद ऋतूत झाडांची पाने रंगीबेरंगी कशी होतात, याची ती कल्पनारम्य कथा होती. अनॅग्नोस यांना अतोनात आनंद झाला. त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. परंतु लवकरच कोणाच्या तरी ध्यानात आले की, मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या मुलांसाठी लिहिलेल्या एका जुन्या पुस्तकात अशीच गोष्ट आहे. नुसती कल्पनाच नव्हे, तर कित्येक वाक्येही मिळतीजुळती आहेत.

गवगवा झाला. पर्किन्स संस्थेतील शिक्षक व अधिकारी यांची एक समिती चौकशीस बसली. सलिव्हनबाईंना बाहेर जावयास सांगून त्या एकट्या मुलीला प्रश्नामागून प्रश्न विचारण्यात आले. तिने जाणूनबुजून चोरी केली, की तिच्या शिक्षिकेने तिच्याकडून ती करविली, असा त्या प्रश्नांचा रोख होता. हेलनला तर ती गोष्ट आपण कधी ऐकल्याचे स्मरणही नव्हते. पुढे शोध करता उलगडा झाला तो असा: १८८८ च्या उन्हाळ्यात सलिव्हनबाई आणि हेलन ब्रूस्टर या समुद्रकाठच्या गावी एका स्नेही बाईंच्या घरी राहावयास गेल्या होत्या. काही दिवस सलिव्हनबाई तेथे नव्हत्या, तेव्हा करमणूक म्हणून त्या घरच्या बाईंनी आठ वर्षांच्या हेलनच्या हातावर ते पुस्तक वाचून दाखविले होते. शब्दांचा अर्थ तिला पुरता कळलाही नसेल. पण ते शब्द मनाच्या तळाशी जाऊन बसले, आणि तीन वर्षांनी तिचे स्वतःचे म्हणून वर आले.

समितीने तिला दोषी ठरविले नाही. मूळ लेखिका कॅन्बीबाई यांनी तर रागावण्याऐवजी अत्यंत ममतेने कळविले की, एक दिवस हेलन स्वतःच्या मनातून अशी एखादी गोष्ट लिहील की जी पुष्कळांना धीर देईल. परंतु मुलीच्या मनावर झालेली जखम भरून आली नाही. अनॅग्नोस यांचा आधीचा विश्वास पुढे उरला नाही, आणि तो स्नेह तुटला. त्याहून वाईट म्हणजे हेलनचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. आईला साधे पत्र लिहितानाही तिला मध्येच धडकी भरे: हे वाक्य माझेच ना? की हेही कोठे वाचले आहे? ती पुनःपुन्हा ते वाक्य बोटांनी जुळवून पाही. घरात आपण ज्या वयाच्या मुलीला पाणी भरावयास पाठवितो, त्या वयात ही मुलगी आपल्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहू लागली होती.

सलिव्हनबाईंनी तिला धीर देऊन, थोडेथोडे करून, स्वतःच्या आयुष्याची एक लहानशी हकीकत एका मुलांच्या नियतकालिकासाठी लिहावयास लावली. तो पहिला टेकू होता. परंतु भीती गेली नव्हती. ती पुढे महाविद्यालयापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली.

रॅडक्लिफचा उंबरठा

मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरी हार्वर्ड विद्यापीठ आहे. त्या काळी तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी रॅडक्लिफ हे वेगळे महाविद्यालय होते, आणि हार्वर्डचेच अध्यापक तेथे येऊन शिकवीत. (पुढे १९९९ मध्ये ते महाविद्यालय हार्वर्डमध्ये पूर्णपणे विलीन झाले.) हेलनने याच महाविद्यालयात जाण्याचा निश्चय केला होता. प्रवेशपरीक्षेसाठी तिने काही वर्षे अविश्रांत तयारी केली. १८९९ च्या अखेरच्या परीक्षेत बीजगणिताची प्रश्नपत्रिका तिला अपरिचित अशा टिपक्यांच्या चिन्हांत मिळाली. ती चिन्हे परीक्षेच्या अगदी तोंडावर तिला शिकून घ्यावी लागली. तरी ती उत्तीर्ण झाली. आणि मग, पदवीचा हट्ट सोडून काही निवडक विषयच शिकावेत असे सुचविणारे लोक असतानाही, १९०० च्या शरद ऋतूत तिने रॅडक्लिफमध्ये पदवीसाठी नाव घातले.

वर्गातील तिची बैठक कशी असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. अध्यापक व्याख्यान देत आहेत. शेजारी बसलेल्या सलिव्हनबाई ते शब्द शक्य तितक्या वेगाने तिच्या हातावर उमटवीत आहेत. इतर विद्यार्थिनींच्या लेखण्या भराभर चालल्या आहेत. हेलनला टिपणे घेता येत नाहीत, कारण तिचे हात ऐकण्यात गुंतलेले आहेत. घरी गेल्यावर जे आठवेल ते उतरून काढावयाचे. नेमलेल्या पुस्तकांपैकी फारच थोडी टिपक्यांच्या लिपीत होती. बाकीची बाईंनी आपल्या दुखऱ्या डोळ्यांनी वाचून हातावर उतरवावयाची. निबंध हेलन टंकलेखन यंत्रावर लिही. पण त्या कागदावर काय उमटले ते तिला पुन्हा वाचता येत नसे. आपलेच लिहिणे तपासावयाचे तर तेही दुसऱ्याने हातावर वाचून दाखवावे लागे.

कोपलंड यांचा वर्ग

पहिल्या वर्षी तिने फ्रेंच, जर्मन, इतिहास, इंग्रजी साहित्य आणि इंग्रजी लेखन असे विषय घेतले. लेखनाचा वर्ग चार्ल्स टाउन्सेंड कोपलंड यांचा होता. हार्वर्डमध्ये या गृहस्थांची मोठी ख्याती होती. टी. एस. एलियट, वॉल्टर लिपमन, जॉन रीड, जॉन डॉस पॅसोस यांसारखे पुढे नामांकित झालेले लेखक त्यांच्या हाताखालून गेले. विद्यार्थ्याच्या निबंधात नटवेपणा दिसला की ते तो स्पष्टपणे दाखवून देत. आणि एखाद्या ओळीत खरा जिवंतपणा आढळला तर तीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

हेलन त्यांच्या वर्गात आली ती एकच महत्त्वाकांक्षा घेऊन: इतर मुलींसारखे लिहावयाचे. आपल्या उणिवा कोणाच्या ध्यानातही येऊ नयेत, डोळस आणि ऐकणाऱ्या मुलींच्या निबंधांत आपला निबंध बेमालूम मिसळून जावा, ही तिची धडपड. त्यासाठी ती पुस्तकांतून वेचलेली वर्णने, दुसऱ्यांनी पाहिलेली दृश्ये, दुसऱ्यांनी ऐकलेले सूर यांचा आधार घेई. भाषा निर्दोष होती, वाचनाचा आवाका थक्क करणारा होता. परंतु त्या लेखनात हेलन कोठे दिसत नव्हती.

कोपलंड यांनी तिची कीव केली असती तर ते सोपे झाले असते. अंध, बधिर मुलगी एवढे लिहिते हेच पुष्कळ, असे म्हणून चांगले गुण देता आले असते. त्यांस कोणी नावे ठेविली नसती. परंतु त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तिला इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच मोजले. दुसऱ्यांचे अनुभव मांडण्याऐवजी तिने स्वतःचे मांडावेत, तिच्यापाशी सांगण्याजोगे असे काही आहे जे दुसऱ्या कोणापाशी नाही, हे त्यांनी तिच्या लक्षात आणून दिले. सौम्य लबाडीपेक्षा असा स्पष्टपणा हाच विद्यार्थ्याचा खरा सन्मान होय, असे आम्हांस वाटते.

पहिली प्रतिक्रिया काय झाली? तिचे लिहिणे थांबले. काही काळ तिने निबंधच दिले नाहीत. १९०० च्या डिसेंबरात तिने कोपलंड यांना एक पत्र लिहून त्याचे कारण सांगितले. त्या पत्राचा आशय असा: आपले लेखन आपल्यालाच समाधानकारक वाटत नाही, आजवर आपण दुसऱ्यांची निरीक्षणे गृहीत धरून चाललो, स्वतः निरीक्षण करावे, स्वतःच्या वेगळ्या अनुभवाचे वर्णन करावे हे सुचलेच नाही, इतरांसारखे होण्याचा खटाटोप हा वेडेपणा होता, यापुढे आपण आपणच राहू आणि आपले स्वतःचे विचार लिहू, आणि तसे काही ताजे हातून उतरले म्हणजे ते तपासण्यास पाठवू.

वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या गुरूला असे पत्र लिहावयास किती धैर्य लागले असेल! जिला अकराव्या वर्षी 'हे तुझे नव्हे' म्हणून भर समितीपुढे उभे केले, तिला आता पुन्हा, वेगळ्या सुरात का होईना, तेच सांगितले जात होते. पूर्वीच्या वेळी त्या शब्दांनी ती कोलमडली होती. या वेळी ती उभी राहिली. फरक एवढाच की, पहिल्या वेळी सांगणाऱ्यांना गुन्हेगार शोधावयाचा होता, आणि या वेळी सांगणाऱ्याला लेखिका शोधावयाची होती.

त्याच उन्हाळ्यातला समुद्र

मग ती काय लिहू लागली? तिने डोळ्यांच्या जगाचा नाद सोडला आणि हातांच्या, नाकाच्या, पायांखालच्या जमिनीच्या जगाकडे वळली. घराभोवतीच्या वेलींचा वास. झाडावर एकटी बसली असता वादळ येण्यापूर्वी मातीतून उठणारा तो चमत्कारिक गंध, आणि मग फांद्यांचा थरकाप. पंपाखालचे थंड पाणी. अशा आठवणी ती वर्गासाठी लिहू लागली आणि कोपलंड यांनी त्यांची वाखाणणी केली.

या आठवणींत एक समुद्राचीही आहे. ती वाचताना आम्हांला आमची आजी आठवली. लहानपणी हेलनने समुद्राविषयी पुस्तकात वाचले होते आणि त्याला हात लावण्याची तिला उत्कंठा लागली होती. प्रत्यक्ष किनाऱ्यावर नेल्यावर ती बेधडक पाण्यात शिरली. पाय दगडाला अडखळला, लाट डोक्यावरून गेली, नाकातोंडात पाणी गेले, प्राण घाबरा झाला. लाटेने तिला परत किनाऱ्यावर फेकले आणि ती बाईंच्या कुशीत शिरली. थोडी सावरल्यावर तिचा पहिला प्रश्न कोणता होता, तर या पाण्यात मीठ कोणी टाकले? समुद्र खारट असतो, हे पुस्तकाने तिला सांगितलेच नव्हते.

वाचकहो, हा प्रसंग ब्रूस्टर येथील आहे. १८८८ च्या उन्हाळ्यातला. म्हणजे ज्या मुक्कामात तिच्या हातावर ती परक्याची हिमाची गोष्ट उमटविली गेली, त्याच मुक्कामात हा खारा समुद्रही तिच्या अंगावरून गेला होता. दोन्ही ठेवी एकाच वेळी मनात पडल्या. अकराव्या वर्षी लिहावयास बसली तेव्हा हाताला परक्याची ठेव लागली, आणि तिने अपार दुःख दिले. विसाव्या वर्षी, एका चांगल्या वर्गात, हाताला स्वतःची ठेव लागली. ती तिच्यापाशी बारा वर्षे होतीच. पण ती लिहिण्याजोगी आहे, हे कोणीतरी सांगावे लागले.

वर्गासाठी लिहिलेल्या याच आठवणींतून पुढे तिचे आत्मचरित्र आकारास आले. 'लेडीज होम जर्नल' या मासिकाने आत्मकथनाच्या हप्त्यांसाठी तिला तीन हजार डॉलर देऊ केले. ही बातमी आली तेव्हा ती लॅटिनच्या तासाला बसली होती. काम हाती घेतल्यावर मात्र ती गोंधळून गेली. सुटे सुटे निबंध होते, ते एका सूत्रात ओवावयाचे कसे? तेव्हा हार्वर्डमधील जॉन मेसी या तरुण शिक्षकाने बोटांची वर्णमाला शिकून घेऊन तिला साहाय्य केले. १९०२ मध्ये मासिकात हप्ते आले, आणि १९०३ मध्ये 'माझी जीवनकहाणी' या अर्थाच्या नावाने पुस्तक प्रसिद्ध झाले. ते आजही जगभर वाचले जाते. त्यात तिने त्या 'हिमराजा'ची सारी हकीकत, काही न लपविता, सविस्तर सांगितली आहे. ते वाचून विख्यात विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी तिला पत्र लिहिले, आणि त्या चौकशी समितीचा यथेच्छ समाचार घेतला. आपले सर्वांचेच विचार कोठून ना कोठून उसने आलेले असतात, असे त्यांचे म्हणणे पडले.

ट्वेन यांचे म्हणणे खरेच आहे. आपली भाषा ही आपल्याला आईबापांकडून मिळालेली उसनवारीच होय. पण उसने बियाणे शेतात पेरून पीक काढणे वेगळे, आणि उसन्या धान्याची पोती दारात रचून 'हे माझे पीक' म्हणणे वेगळे. हा भेद हेलनला त्या वर्गात उमगला.

सर्वच सुरळीत झाले असे मात्र नाही. महाविद्यालयावर तिची तक्रारही होती. विचार करावयास तेथे वेळच मिळत नाही, असे तिला वाटे. आणि पंडितांच्या भाष्यांचा भार झाला की मूळ काव्याचा आनंद हरपतो, असे तिने मोकळेपणाने लिहिले आहे. तरी तिसऱ्या वर्षी तिने जॉर्ज किट्रेज या थोर विद्वानापाशी शेक्सपिअरचा अभ्यास केला, आणि एलिझाबेथकालीन साहित्यही अभ्यासले. पुढेही, तिने रंगांचे, प्रकाशाचे शब्द वापरले की काही टीकाकार म्हणत, हिला हे कसे ठाऊक? ही ऐकीव विद्या! १९०८ मध्ये तिने आणखी एक पुस्तक लिहिले. त्यात स्पर्श, गंध, कंप यांनी भरलेले स्वतःचे जग तिने उलगडून दाखविले. टीकाकारांना याहून चांगले उत्तर कोणते असणार? पूर्वी ती आपले वेगळेपण झाकीत असे. आता तेच तिने जगापुढे ठेविले.

१९०४ च्या जून महिन्यात, चोविसाव्या वर्षी, हेलन सन्मानपूर्वक बी. ए. झाली. दृष्टी व श्रवण या दोन्हींना पारखी असलेली पदवीधर झालेली ती पहिलीच व्यक्ती. चार वर्षे प्रत्येक तासाला तिच्या शेजारी बसून प्रत्येक शब्द तिच्या हातावर उतरविणाऱ्या सलिव्हनबाईंना मात्र पदवी मिळाली नाही. नोंदवहीत विद्यार्थिनी एकच होती. १९५५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हेलन केलर भारतात आल्या आणि पंडित जवाहरलाल नेहरूंना भेटल्या. तोवर सलिव्हनबाईंना जाऊन अठराहून अधिक वर्षे झाली होती. १ जून १९६८ रोजी हेलन यांचेही देहावसान झाले.

आपल्या ओसरीवर

आता पुन्हा आपल्या ओसरीकडे वळू. आपली मुले धडधाकट आहेत, डोळ्यांनी पाहतात, कानांनी ऐकतात. मग हेलनची गोष्ट त्यांना कशी लागू पडावी, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, ती त्यांनाच अधिक लागू पडते. हेलनने दुसऱ्यांचे डोळे उसने घेतले, कारण तिला स्वतःचे नव्हते. आपली मुले स्वतःचे डोळे उघडे असताना 'गाईड'चे डोळे उसने घेतात. आणि आता तर यंत्राला विषय सांगितला की ते क्षणार्धात सुबक निबंध लिहून देते. पाठ करण्याचेही कष्ट उरले नाहीत. म्हणून हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिकच निकडीचा झाला आहे.

यात मुलांचा दोष थोडा, आपला अधिक. घरी बोलतो ती बोली आणि पुस्तकातील मराठी यांत अंतर असते. म्हणून मुलाला वाटते, घरचे जे आहे ते लिहिण्याच्या योग्यतेचे नाही. तरव्याच्या चिखलात रुतणारे पाय, काजूच्या बोंडांचा उग्र वास, पावसाळ्यात चुलीतल्या ओल्या लाकडांनी डोळ्यांत येणारे पाणी, हे सारे त्याने अनुभवलेले असते. पण निबंधात तो लिहितो 'आकाशात काळे मेघ दाटून आले आणि मयूर नृत्य करू लागले.' मोर त्याने पाहिलेलाच असतो असे नाही. आपण गुण पाहतो आणि समाधान मानतो.

त्यास एक साधा उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर आईने, बापाने, किंवा घरात आजी असेल तर तिने, मुलाला विचारावे: आज तू काय पाहिलेस? त्याचा वास कसा होता? हाताला कसे लागले? तो सांगेल ते घरच्या बोलीतच सांगो. आधी ऐकून घ्यावे. मग त्याला तेच चार ओळींत लिहावयास सांगावे. शुद्धलेखनाच्या चुका मागाहून दुरुस्त करता येतात. आणि शिक्षकाने त्याच्या वहीवर 'हे तुझे वाटत नाही, पुन्हा लिही' असा शेरा मारला, तर त्या शिक्षकावर रागावू नये. तो आपल्या मुलावर विश्वास ठेवीत आहे.

आमच्या आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आम्ही समुद्र पाहिला तो मोठेपणी, गोव्याच्या किनाऱ्यावर, तिच्याच माहेरच्या गावी. ओहोटीची वेळ होती. सुकत घातलेल्या मासळीचा, ओल्या जाळ्यांचा आणि मिठाचा मिळून एक दाट वास वाऱ्यावर येत होता. तो समुद्राचा वास, एवढे उत्तर आम्ही त्या दिवशी मनातल्या मनात तिला दिले. तो निबंध मात्र पुन्हा लिहावयाचा अद्याप राहिला आहे.